हानचुंगचा प्रामाणिक निंग

निंग शुओचे वडील पेइलिन हानचुंगच्या एका यंत्रकारखान्यात लेथवर होते. लोखंडाचा दांडा हातात घेऊन, एक डोळा मिटून, तो केसभर कुठे वाकडा आहे हे ते सांगायचे. हीच नजर त्यांनी घरातही लावून ठेवली होती. दाराची चौकट, बायकोच्या दुकानातली बाकं, पोराच्या पाठीचा कणा, काहीच तिच्यातून सुटत नसे.

कारखान्याच्या मागे कामगारांसाठी एक करमणुकीची खोली होती. संध्याकाळी तिथे पत्ते कुटले जात, सिगारेटी फुंकल्या जात, आणि एका कोपऱ्यात कापड विटलेलं स्नूकरचं एक जुनं टेबल होतं. शुओ सात-आठ वर्षांचा असेल, तेव्हा कुणीतरी गंमत म्हणून त्याला स्टुलावर उभं करून हातात क्यू, म्हणजे चेंडू मारायची लांब काठी, दिली. त्याने एक चेंडू लांबच्या कोपऱ्यातल्या खिशात घातला. मग दुसरा. मग तिसरा. हसणाऱ्या कामगारांनी पत्ते खाली ठेवले. पेइलिन मात्र चेंडूंकडे बघतच नव्हते. ते पोराच्या उजव्या हाताकडे बघत होते. कोपरापासून खालचा हात ओळंब्यासारखा सरळ लोंबत होता आणि पुढेमागे जाताना जराही डगमगत नव्हता. त्या संध्याकाळी पेइलिनच्या डोक्यात जे शिरलं ते पुढे कधी निघालंच नाही.

आई, सूलान, त्या वेळी बाजाराच्या तोंडाशी मियानपीचं दुकान चालवायची. पहाटे उठून तांदळाचं पीठ वाफवायचं, त्याच्या पातळ चादरी काढायच्या, पट्ट्या कापून त्यावर लाल तिखटाचं तेल सोडायचं. गरम वाडग्यासाठी कामावर जाणाऱ्यांची रांग लागायची. नवऱ्याने नोकरी सोडून पोराला बीजिंगला न्यायचं ठरवलं, तेव्हा तिने त्याला अडवलं नाही. चौथी संपली होती. शाळेतल्या बाई घरी येऊन म्हणाल्या, निदान प्राथमिक तरी पुरं होऊ द्या. पेइलिन म्हणाले, "तुमच्या वर्गात पन्नास पोरं आहेत, बाई. असा हात एकाचाच आहे." सूलानने फक्त विचारलं, तिकडे याचे कपडे कोण धुणार? आणि मग तिने गाठोडं बांधायला घेतलं.

बीजिंगमध्ये बापलेक एका इमारतीच्या तळघरातल्या खोलीत राहिले. तिला खिडकी नव्हती. सकाळी उठून स्नूकर शिकवणाऱ्या प्रबोधिनीच्या हॉलवर जायचं, संध्याकाळी परत यायचं, आणि मग जेवायच्या आधी बाटली. रिकामी बियरची बाटली टेबलावर आडवी ठेवायची आणि क्यूचं टोक तिच्या तोंडातून आतबाहेर करायचं. काचेला लागलं तर टण्ण आवाज होतो. आवाज होता कामा नये.

बाबा मारत नसत. हे शुओ पुढे सगळ्यांना आवर्जून सांगायचा, कारण बाकीच्या पोरांचे बाप मारत. पेइलिन आवाजसुद्धा चढवत नसत. ते फक्त जेवत नसत. दिवस वाईट गेला, सोपे चेंडू सुटले, बाटली वाजली, की ते पोराच्या पुढ्यात नूडल्सचं वाडगं ठेवायचे, स्वतःचं वाडगं झाकून बाजूला सरकवायचे आणि शांतपणे म्हणायचे, "तू जेव. चूक तुझी नाही. मला शिकवता आलं नाही." शुओ मान खाली घालून खायचा. बाप समोर बसून पाणी प्यायचा. दहा वर्षांच्या पोराला एक हिशेब पक्का कळला होता: आपण चुकलो की बाबा उपाशी राहतात.

त्या दिवसांत त्याच्याशी हसून बोलणारा एकच होता, दुआन काइ. शेनयांगचा, शुओपेक्षा वर्ष-दीड वर्षाने मोठा, उंच, फाटक्या तोंडाचा. वडील लहानपणीच गेलेले, आजीने वाढवलेला. तो शुओला 'धाकट्या' म्हणायचा आणि शुओ त्याला 'दादा'. काइला खेळताना बडबड केल्याशिवाय चैन पडायची नाही, आणि पेइलिन हॉलमध्ये शिरले की तो कुजबुजायचा, "धाकट्या, तुझे बाबा आले. सगळी टेबलं आपोआप सरळ झाली बघ." शुओला हसू आवरायचं नाही. मग हसला म्हणून चेंडू सुटायचा, आणि रात्रीचं वाडगं झाकलेलं राहायचं. पण काइवर त्याला कधी राग आला नाही.

सतरा पूर्ण व्हायच्या आत शुओने आशियाई कुमार स्पर्धा जिंकली. बक्षीस समारंभानंतर बाबांनी मटणाचा रस्सा मागवला, त्यात पाव कुस्करून दोन वाडगी खाल्ली, घाम पुसला आणि तिसरं मागवलं. शुओ त्यांच्याकडे बघत राहिला. करंडक खोलीत कुठे ठेवला होता हे नंतर त्याला आठवलं नाही, पण बाबांचं ते खाणं आठवत राहिलं.

त्या विजयाबरोबर व्यावसायिक खेळण्याचा दोन वर्षांचा परवाना मिळाला. खेळाचं गाव म्हणजे इंग्लंडमधलं शेफिल्ड. काइलाही त्याच वर्षी परवाना मिळाला होता आणि तो आधीच तिथे पोचला होता. पेइलिननाही जायचं होतं, पण त्यांना तिकडे राहण्याची परवानगी मिळाली नाही. विमानतळावर त्यांनी पोराचा उजवा हात धरला, मनगट उलटंसुलटं करून पाहिलं, आणि म्हणाले, "याला जप." आई हानचुंगहून आली होती. ती काहीतरी बोलणार होती, पण तेवढ्यात रांग पुढे सरकली.

शेफिल्डला चिनी पोरांची एक वस्तीच होती. सरावाच्या हॉलपासून चालत जाण्याजोग्या अंतरावर, विटांच्या घरांतून, तिघं-चौघं एकत्र राहायची. शुओ काइच्या खोलीत उतरला. भात शिजवायचा, टोमॅटो-अंड्याची भाजी करायची, घरून आलेलं तिखट पुरवून पुरवून खायचं, आणि बाकी वेळ टेबल. दोन वर्षांचं गणित सगळ्यांना पाठ होतं. मुदत संपेल तेव्हा जो जागतिक यादीत पहिल्या चौसष्टांत असेल तो राहणार, बाकीच्यांनी सामान बांधायचं.

पहिला सामना शुओ हरला. दुसराही. तिसऱ्यात समोर आला तो त्याच्या बाबांच्या वयाचा एक टकला इंग्रज होता. त्याने फारसं काही केलंच नाही. पांढरा चेंडू पुन्हा पुन्हा अशा जागी नेऊन ठेवला की शुओला मारायला काही उरेना, आणि शुओ कंटाळून चुकायची वाट पाहत तो खुर्चीत चहा पीत बसला. शुओ कंटाळला आणि चुकला. सामना संपल्यावर त्या माणसाने प्रेमाने त्याची पाठ थोपटली. त्या थोपटण्याने शुओला रडू आलं.

घरी बाबा प्रत्येक सामना फोनवर बघत. तिकडे तेव्हा झोपायची वेळ झालेली असे, पण ते जागत. सामना संपला की त्यांचा चेहरा फोनवर यायचा. हा फटका असा का, तो चेंडू तिथे का सोडला, खांदा वर का उचलला. शेवटी शुओ विचारायचा, "बाबा, जेवलात का?" आणि बाबा म्हणायचे, "भूक नाही आज." जग ओलांडून आलो तरी ते झाकलेलं वाडगं आपल्या समोरच आहे, असं त्याला वाटायचं.

दुसऱ्या वर्षाच्या सुरुवातीला हाताचं सुरू झालं. सरावात काही नाही. सामन्यात मात्र क्यू मागे जायची आणि तिथेच अडकायची. पुढे ढकलायची तर हातच उठेना, म्हणजे उठायचा, पण झटका बसल्यासारखा. पांढरा चेंडू भलतीकडे जायचा. डॉक्टरने हात दाबून, वाकवून पाहिला. स्नायू ठणठणीत, हाड ठणठणीत. थोडी विश्रांती घे म्हणाला. शुओने बाबांना हे सांगितलं नाही. त्या हातावर त्यांनी आपली नोकरी, आपलं घर, आपली सगळी वर्षं ठेवली होती. तो हात आता ऐकत नाही हे कुठल्या तोंडाने सांगायचं?

त्याने ते काइला सांगितलं. काइ भांडी घासत होता. त्याने नळ बंद केला.

"कधीपासून?"

"नानचिंगच्या स्पर्धेला गेलो होतो, तिथे हरलो तेव्हापासून. कदाचित त्याच्याही आधीपासून."

"मला आधी का नाही सांगितलंस?"

"तू हसशील म्हणून."

काइ हसला नाही. त्याचंही बरं चाललं नव्हतं. यादीत तो शुओच्या थोडाच वर होता, त्याचीही मुदत त्याच वसंतात संपत होती, आणि शेनयांगला आजीच्या गुडघ्यांनी दगा दिला होता. पण दुसऱ्या दिवसापासून तो शुओबरोबर सामन्यांना जायला लागला. मागच्या रांगेत बसायचा आणि शुओची पाळी आली की जोरात खोकायचा, म्हणजे शुओला कळावं की कुणीतरी आहे. दोनदा पंचांनी त्याला दटावलं.

त्या हिवाळ्यात शुओ बरंच काही करायचं विसरला. केस कापायचं विसरला, आईला फोन करायचं विसरला. बाहेरून आला की बूट न काढता पलंगाच्या कडेला बसून राहायचा. काइ येऊन म्हणायचा, "धाकट्या, बूट." मग तो बूट काढायचा. आईचा फोन आला की ती तिथल्या थंडीचं विचारायची, दुकानाचं सांगायची. एकदा तिने अचानक विचारलं, "तुला ते आवडतं का रे, खेळायला?" इतक्या वर्षांत हे त्याला कुणी विचारलं नव्हतं. तो उत्तर शोधत राहिला. तिला वाटलं फोन कटला, आणि तिने ठेवून दिला.

मोसमातली शेवटची मोठी स्पर्धा आली. तिच्या पात्रता फेरीत नावं निघाली, आणि निंग शुओसमोर दुआन काइ आला. गणित सरळ होतं. जो जिंकेल त्याचा परवाना वाचण्याची आशा होती. जो हरेल तो घरी.

आदल्या संध्याकाळी दोघांनी एकाच कढईत भाजी केली, एकाच टेबलावर खाल्ली. काइने त्या दिवशी एकही विनोद केला नाही. जेवण झाल्यावर तो म्हणाला, "एक ऐक. उद्या कुणी कुणाला सोडायचं नाही. मला दया दाखवलीस तर आयुष्यभर तुझं तोंड बघणार नाही."

"आणि तू दाखवलीस तर?"

"मी कशाला दाखवेन? मला माझ्या आजीला तोंड दाखवायचंय."

सामना एका लहान गावातल्या क्रीडागृहात होता. आठ टेबलं, मध्ये पडदे, बघायला मोजकी माणसं. दोघंही वाईट खेळले. भीतीने खेळणारी दोन माणसं खेळतात तसे. शेवटच्या डावापर्यंत बरोबरीत आले. त्या डावात लाल चेंडू संपले, बहुतेक रंगीतही संपले, आणि टेबलावर पांढऱ्याखेरीज फक्त निळा, गुलाबी आणि काळा उरले. शुओ पुढे होता. निळा खिशात गेला की काइला गाठणं शक्य नव्हतं. निळा गेला की संपलं.

निळा मधल्या खिशाच्या जवळ होता. कारखान्यामागच्या खोलीत स्टुलावर उभं राहून त्याने मारला असता इतका सोपा. अडचण एवढीच की पांढऱ्यापर्यंत पोचायला गुलाबी चेंडूवरून वाकावं लागत होतं, आणि अंगावरचं कापड जरी कुठल्या चेंडूला टेकलं तरी तो फाउल, गुण समोरच्याला. शुओ वाकला. डावा हात कापडावर टेकला, क्यू मागे नेली.

आणि क्यू अडकली नाही. हे त्याला पुढे कित्येक महिने आठवत राहिलं. हात मोकळा होता, हलका होता, सरळ लोंबत होता. किती तरी महिन्यांनी तो हात त्याचा होता. निळा जाणार हे त्याला क्यू पुढे ढकलण्याआधीच कळलं होतं. आणि त्याच क्षणी त्याला हेही कळलं की निळा गेला की आणखी एक वर्ष येईल. तोच हॉल, तोच फोन, तीच न लागलेली भूक, बुटांसकट पलंगाच्या कडेला बसणं. आणि कदाचित त्याच्यानंतर आणखी एक.

तो सरळ उभा राहिला. पंचांकडे वळला, आपली बाही दाखवली, मग गुलाबी चेंडू दाखवला. "लागली," तो म्हणाला. "फाउल."

पंच दोन पावलांवर होते. त्यांना काही दिसलं नव्हतं, ते त्यांच्या चेहऱ्यावरून कळत होतं. पण खेळाडू स्वतःच सांगतो म्हटल्यावर ते काय करणार? त्यांनी मान लववली आणि काइच्या खात्यात गुण टाकले. मागच्या रांगेतून कुणीतरी हळूच टाळ्या वाजवल्या. शुओ खुर्चीत जाऊन बसला आणि त्याने डोळे मिटले. काइ उठायला फार वेळ लावत होता. मग चेंडू खिशात पडल्याचा आवाज आला, मग दुसरा, मग तिसरा.

हस्तांदोलन करताना काइचा हात बर्फासारखा होता.

बाहेर गाड्या लावायच्या जागेत, बोचऱ्या वाऱ्यात, काइ त्याच्या मागून आला. खांद्यावर क्यूची पेटी तशीच होती.

"लागली नव्हती."

"लागली."

"मी समोर बसलो होतो, शुओ. माझी नजर गुलाबीवरच होती. दुसरं बघण्यासारखं होतंच काय? बाही आणि चेंडू यात बोटभर अंतर होतं."

काइने त्याला नावाने हाक मारली होती. धाकट्या नाही.

"माझ्यासाठी केलंस?"

खोटं बोलणं सोपं होतं. हो म्हटलं असतं तर काइने शिव्या दिल्या असत्या, कदाचित एक ठेवूनही दिली असती, पण त्यातून काहीतरी उरलं असतं. शुओने मान हलवली.

"नाही दादा. मला घरी जायचं होतं."

काइने क्यूची पेटी दुसऱ्या खांद्यावर घेतली. "मग तसंच सांगायचं," तो म्हणाला. "चेंडू चुकवायचास. कुणाचाही चुकतो. आता मी काय जिंकलो हे मला सांग." आणि तो एकटाच स्टेशनाच्या दिशेने चालू लागला. खोलीवर परत आल्यावर दोघं एकमेकांशी सभ्यपणे वागले. मीठ दे, नळ बंद कर, एवढंच. निघायच्या सकाळी काइ सरावाला गेलेला होता.

बाबांचा फोन सामन्यानंतर लगेच आला होता. ते आयुष्यात पहिल्यांदा ओरडले. "कुणी पाहिलं होतं? मला सांग, कुणी पाहिलं होतं?" शुओ म्हणाला, कुणीच नाही. मग फोन बंद झाला, आणि शुओ घरी पोचेपर्यंत पुन्हा वाजला नाही.

पण मधल्या काळात भलतंच घडलं. सामन्याचा तो तुकडा कुणीतरी मोबाइलवर टाकला. पंचांनी पाहिलं नव्हतं, प्रतिस्पर्ध्याने तक्रार केली नव्हती, विजय हातात होता, आणि तरी या पोराने स्वतः चूक कबूल केली. लोकांनी तो तुकडा एकमेकांना पाठवला. हानचुंगच्या एका वर्तमानपत्रात फोटो आला: 'हानचुंगचा प्रामाणिक निंग'. शुओ स्टेशनवर उतरला तेव्हा शहराच्या क्रीडा कार्यालयातली दोन माणसं फुलं घेऊन उभी होती, आणि त्यांच्या शेजारी बाबा, कारखान्याचा जुना निळा कोट इस्त्री करून घातलेले. त्यांचा चेहरा गोंधळलेला होता. काय वाटून घ्यावं हे ज्याला अजून कळलेलं नाही असा. मग अधिकाऱ्याने त्यांचा हात हातात घेतला आणि म्हणाला, अशी मुलं घडवावी लागतात. पेइलिनचं तोंड हळूहळू सैल झालं. त्यांनी मान हलवली.

ते वर्तमानपत्र काचेत बसवून आईच्या दुकानात लागलं, तिखटाच्या बरण्यांच्या वर. मियानपी खायला येणारे ते वाचायचे आणि बाबा त्यांना सगळी हकिगत सांगायचे. गुलाबी कुठे होता, निळा कुठे होता, बाही कशी लागली. त्यांनी ती इतक्यांदा सांगितली की ते स्वतः त्या टेबलाशी उभे होते असं वाटावं. शुओ आत बसून ऐकायचा. बाबा आता नीट जेवायला लागले होते.

मग शाळेतून बोलावणं आलं. चौथीनंतर ज्या शाळेतून त्याला काढलं होतं तीच शाळा. मुख्याध्यापकांनी माइकवर त्याची आमचा विद्यार्थी म्हणून ओळख करून दिली. पटांगणात पोरं लहान लहान स्टुलांवर ओळीने बसली होती. शुओला भाषण करता येत नव्हतं, तसं त्याने आधीच सांगितलं होतं, पण सगळ्यांना तो विनय वाटला. त्याने माइक धरला. खरं बोलावं, एवढं म्हणाला. पुढे काही सुचेना. पोरांनी शिकवल्याप्रमाणे टाळ्या वाजवल्या. पहिल्या रांगेत बाबा बसले होते आणि त्यांचे डोळे भरून आले होते. शुओने त्यांना असं कधी पाहिलं नव्हतं, करंडक जिंकला तेव्हाही नाही.

परतताना दोघं हान नदीच्या बांधावरून चालले होते. पाणी कमी होतं, वाळूत पांढरे बगळे उभे होते. शुओ थांबला.

"बाबा, बाही लागली नव्हती."

पेइलिन दोन पावलं पुढे गेले आणि मागे वळले. "काय?"

"चेंडूला बाही लागली नव्हती. निळा सोपा होता. मी घातला असता. मला पुढे खेळायचं नव्हतं, म्हणून खोटं बोललो."

बाप नदीकडे बघत राहिला. पलीकडच्या काठावर कुणीतरी पतंग उडवत होतं. शुओला वाटलं आता ते ओरडतील, आणि त्याला तेच हवं होतं. ते ओरडले असते, एकदा थोबाडीत मारली असती, तर त्या दोघांत काहीतरी मोकळं झालं असतं.

"लागली होती," पेइलिन शांतपणे म्हणाले. "तू थकला होतास, तुला नीट आठवत नाही."

"बाबा, मी तिथे होतो."

"लागली होती, शुओ." ते वळून पुन्हा चालू लागले. "इतक्या वर्षांनी माझ्या हातात एवढंच राहिलंय. ते तरी असू दे."

शुओ त्यांच्या मागून चालत राहिला. दुसऱ्या दिवशी दुकानात गिऱ्हाइकाने वर्तमानपत्राकडे बोट दाखवलं आणि बाबांनी हकिगत सांगायला सुरुवात केली. नेहमीपेक्षा जरा मोठ्याने सांगितली, इतकाच फरक होता.

शुओने पुन्हा सामना खेळला नाही. क्यू त्याने विकली नाही आणि काढलीही नाही. टेबलं बसवून देणाऱ्या एका माणसाच्या हाताखाली तो कामाला लागला. आसपासच्या गावांतून नवे हॉल उघडत होते, जुन्यांची कापडं फाटत होती. दगडी फरश्या चढवायच्या, त्यांच्यातली सांध मेणाने भरायची, त्यावर हिरवं कापड ताणून खिळायचं. काम तो चोख करायचा. टेबल तयार झालं की मालक ओळखून म्हणायचा, अरे तू तोच ना, पहिला फटका तुझ्याच हातचा होऊ दे. शुओ हसून नको म्हणायचा आणि हत्यारं गोळा करायला लागायचा. तो नम्र आहे असं लोक म्हणायचे. ऐकून ऐकून त्याने उत्तर द्यायचं सोडलं.

काइचा परवाना वाचला, पण पुढच्याच वर्षी गेला. हे शुओला दुसऱ्यांकडून कळलं. वसंतोत्सवात, चिनी नव्या वर्षाला, त्याने काइला शुभेच्छा पाठवल्या. काइने आजी आजारी असल्याचं कळवलं, शेनयांगला गाडी चालवतो असं कळवलं, आणि शेवटी लिहिलं: मी त्यानंतर एकही डाव नीट खेळलो नाही. त्यात दोष देण्याचा सूर नव्हता. शुओ ते वाक्य पुन्हा पुन्हा वाचत बसला. काय लिहावं ते सुचेना, आणि मग इतके दिवस गेले की लिहिणं विचित्र दिसलं असतं.

आईला कुणी काही सांगितलं नव्हतं. एका सकाळी शुओ लवकर उठून तिला मदत करायला गेला. दुकान अजून उघडायचं होतं, वाफेने खोली भरली होती. ती तांदळाची चादर उलटी करून, तेलाचा हात लावून, सुरी चालवत होती. त्याच्याकडे न बघता ती म्हणाली, "तू तिकडे फार थकला होतास का रे?"

त्याने हातातली टोपली खाली ठेवली. "हो."

"मग सांगायचं होतंस."

"कुणाला, आई?"

सुरी थांबली. सूलानने वाफेतून त्याच्याकडे पाहिलं. मग बाहेर पहिल्या गिऱ्हाइकाने दारावर थाप मारली आणि तिने अॅप्रनला हात पुसत कडी काढली.